अडीचशे न्यूटन मीटरची काटकसर

डिझेलची मोटार घेणारा माणूस "मला वेग आवडतो" असं कधीही कबूल करत नाही. तो म्हणतो, "आमचं रनिंग जास्त आहे." या वाक्याला मराठी मध्यमवर्गात अशी काही प्रतिष्ठा आहे की ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. रनिंग म्हणजे किती, कुठे आणि कशासाठी, ही चौकशी शिष्टाचारात बसत नाही. आपल्याकडे पगार विचारता येतो, मुलीचं वय विचारता येतं, रनिंग नाही.

याउलट पेट्रोलवर चालणारी दमदार छोटी गाडी घेणाऱ्याला घरी, सासुरवाडीला आणि सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा खुलासा द्यावा लागतो. त्याच्याकडे रनिंग नसतं, नुसती हौस असते. आणि हौस हे कारण आपल्याकडे फक्त लग्नाच्या हॉलच्या पावतीवर चालतं.

हा पंक्तिप्रपंच सगळ्यांत उघडा पडला तो २०१३ साली, आणि तोही पुण्याच्या उंबऱ्यावर. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून पोलो ही छोटी मोटार २००९ च्या अखेरीपासून बाहेर पडत होती. गाडी भक्कम, दार लावलं की 'थप्' असा आवाज येणारी. पण इंजिनं बेताची. मग २०१३ मध्ये कंपनीनं तिचे दोन तापट अवतार काढले. आधी आली जीटी टीएसआय, पेट्रोलवरची. काही महिन्यांनी आली जीटी टीडीआय, डिझेलवरची. दोघींच्या मागच्या दारावर जीटी लिहिलेलं, पुढच्या तीन अक्षरांत फक्त मधलं अक्षर वेगळं. दोघींची ताकद अगदी सारखी, १०५ अश्वशक्ती. किंमतही दोघींची एक्स-शोरूम आठ लाखांच्या आगेमागे. त्याच पैशांत मागे मोठी डिकी असलेली डिझायर किंवा अमेझ मिळत असताना आठ लाख देऊन आखूड गाडी घ्यायची, म्हणजे लोकांनी काहीतरी म्हणणारच.

गंमत पुढे आहे. टीएसआयला १.२ लिटरचं टर्बो इंजिन आणि सात गिअरांचा स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्स. म्हणजे क्लच नाही, दांडा हलवायचा नाही, डावा पाय मांडीवर घेऊन बसलात तरी चालेल. टीडीआयला १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर आणि ते सगळे स्वतःच्या हातानं टाकायचे. जी गाडी 'स्पोर्टी' म्हणून विकायची ती चालवायला काडीचेही कष्ट नाहीत, आणि जी काटकसरीची म्हणून घ्यायची ती खांबाटकीत खऱ्या अर्थानं हाकावी लागते. जर्मनांनी हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. ते असा विनोद सात गिअरांत करत नाहीत.

आमच्या सोसायटीत या दोन्ही गाड्या आहेत, एकमेकींना लागून. एक आमच्या काकांची, दुसरी तिसऱ्या मजल्यावरच्या हिंजवडीवाल्याची. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी टीडीआय घेतली तेव्हा काकूंनी साधी पेट्रोल पोलो पसंत केली होती, तांबड्या रंगाची आणि चांगली दोन लाखांनी स्वस्त. काकांनी वही काढली. बँकेतल्या माणसानं वही काढली की त्या घरातला निर्णय आधीच झालेला असतो. वही नंतर सहीपुरती येते.

हिशेब असा होता. त्या वेळी पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागे वीस-पंचवीस रुपयांची तफावत होती. पेट्रोलवरचं सरकारी नियंत्रण जून २०१० मध्येच उठलं होतं, डिझेलवरचं नव्हतं. डिझेल स्वस्त ठेवायचं ते शेतकऱ्याच्या पंपासाठी, ट्रॅक्टरसाठी, मालमोटारींसाठी आणि एसटीसाठी. या यादीत कोथरूडचा निवृत्त अधिकारी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातो हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण खोडलेलंही नव्हतं. किरीट पारीख समितीनं डिझेलच्या मोटारींवर ८० हजारांचा जादा कर लावा असं २०१० मध्येच सुचवलं होतं. काकांनी ही बातमी वाचून ताबडतोब डिझेलची गाडी घ्यायचं ठरवलं, कर लागण्याआधी.

तर डिझेलमुळे किलोमीटरमागे तीन रुपये वाचतात, असं वहीत निघालं. जादा गेलेले दोन लाख भागिले तीन, म्हणजे साधारण ६६ हजार किलोमीटरनंतर गाडी 'वसूल'. त्यापुढे सगळा नफा. काकूंनी एकच विचारलं, "आपण वर्षाला किती फिरतो?" मंडई, ठाण्याला मुलीकडे, आणि दिवाळीत गावी. वहीत बेरीज आली सहा हजार. म्हणजे वसुलीला अकरा वर्षं.

"मग फिरायला पाहिजे," काका म्हणाले.

आणि इथून ती विलक्षण काटकसर सुरू झाली. पैसे वाचवण्यासाठी काका गाडी बाहेर काढू लागले. नारायणगावला टोमॅटो स्वस्त मिळतात म्हणून ते नारायणगावला गेले. सासवडला अंजिरं, साताऱ्याला कंदी पेढे, वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन. पेढ्यांचं अर्धं खोकं दुसऱ्या दिवशी वॉचमनकडे जायचं, कारण काकांना साखर वर्ज्य. वहीत मात्र त्या दिवशी २२० किलोमीटर गुणिले तीन, ६६० रुपयांची बचत लागायची. पेढे, जेवण आणि टोल हे 'इतर' या सदरात. बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठली रक्कम कुठल्या सदरात टाकायची हे शिकवायची गरज नसते.

मग १८ ऑक्टोबर २०१४ ला सरकारनं डिझेलही नियंत्रणमुक्त केलं. तफावत हळूहळू आटू लागली. तीन रुपयांचे अडीच झाले, अडीचाचे दोन. आता वसुलीला लाखभर किलोमीटर लागणार होते. सामान्य माणसानं यातून गाडी कमी वापरावी असा निष्कर्ष काढला असता. काकांचं गणित त्याच्या पुढे गेलेलं होतं. डिझेल जितकं महाग होईल तितकं जास्त फिरल्याशिवाय नुकसान भरून निघणार नाही, हे त्यांनी काकूंना कागदावर सिद्ध करून दाखवलं. त्या वर्षी ते गोकर्णला जाऊन आले.

आता खरी गोष्ट सांगतो. काकांबरोबर मी खांबाटकी घाट चढलो आहे. हिशेबाची वही तेव्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात होती आणि ती तिथेच राहिली.

या डिझेल इंजिनाची तऱ्हा अशी की दीड हजार फेऱ्यांच्या खाली ते तुमच्याकडे लक्षच देत नाही. तुम्ही पाय दाबता, ते विचार करतं. मागून टेम्पोवाला हॉर्न देतो. आणि मग टर्बोमध्ये हवा भरते आणि अडीचशे न्यूटन मीटर एकदम कामावर हजर होतात. डोकं मागच्या उशीला टेकतं. डावीकडचा उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागची एसटी आणि एसटीच्या मागे श्वास कोंडून बसलेली तीन माणसांची पेट्रोल मोटार, हे सगळं एका दमात मागे जातं. काका तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले दिसत नाहीत. बँकेत लागलेलेच दिसत नाहीत.

"अहो, ट्रक आहे पुढे," काकू.

"दिसतोय."

"मग?"

"म्हणून तर चाललोय."

आणि घाटमाथ्यावर पोचल्यावर, कपाळावरचा घाम पुसत, ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? तिसरा टाकून आख्खा घाट चढली. गिअर बदलायला लागला नाही. किती डिझेल वाचलं!"

हे ऐकल्यावर मला सगळा उलगडा झाला. ज्याला आपण मायलेज म्हणतो ते कित्येक घरांत फक्त निमित्त असतं. काकांना वेग हवा होता. पण त्यांच्या पिढीतला, त्यांच्या पगारातला, त्यांच्या पेठेतून उठून कोथरूडला आलेला माणूस वेग मागू शकत नाही. तो अ‍ॅव्हरेज मागतो आणि त्याबरोबर वेग आला तर नाइलाजानं ठेवून घेतो.

टॉर्क आणि अश्वशक्ती यांतला फरक काकांनी मला एकदा समजावला होता, आणि तो बरोबर होता. मार्केट यार्डातला एक हमाल एका खेपेला शंभर किलोचं पोतं उचलतो पण संथ चालतो; दुसरा साठ किलोच उचलतो पण भराभर खेपा करतो. संध्याकाळी दोघांनी वाहिलेला माल सारखाच भरतो. एका खेपेचं वजन म्हणजे टॉर्क, दिवसभराचा माल म्हणजे अश्वशक्ती. डिझेल हा पहिला हमाल: २५० न्यूटन मीटर, पण साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास त्याचा दम संपतो. पेट्रोल टीएसआय दुसरा: १७५ न्यूटन मीटर, पण त्याहून जास्त फेऱ्यांपर्यंत पळतो. म्हणून दोघांच्या नावापुढे १०५ चाच आकडा. घाटात ओव्हरटेक करताना मात्र पहिल्याचा खांदा उपयोगी पडतो, हे कुणीही मान्य करील. हिंजवडीवाला सोडून.

हिंजवडीवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. डीएसजी गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच तयार असतो, त्यामुळे गिअर बदलल्याचं प्रवाशाला कळतही नाही. शून्य ते शंभर कंपनीच्या सांगण्यानुसार ९.७ सेकंदांत. हे सगळं तो लिफ्टमध्ये मन लावून सांगतो. पण रोज सकाळी वाकडच्या पुलाखाली ही गाडी पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात जाते आणि सातव्याचा चेहरा तिनं कधी द्रुतगती मार्गावर पाहिला असेल तेवढाच. पुढचा गिअर तयार असून काय करता, पुढची रिक्षा तयार नाही. या कोरड्या क्लचना अशी रांगती रहदारी मानवत नाही. मालक मंडळी जमली की 'मेकॅट्रॉनिक' (हे क्लच चालवणारा भाग) हा शब्द आवाज खाली आणून उच्चारतात आणि विषय वॉरंटीवर नेतात.

बाकी टीएसआयचं सुख मोठं आहे. सकाळी सहाला काकांनी गाडी चालू केली की आख्ख्या ए विंगला कळतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि त्यात फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलची ही युक्ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि थंडीत तिचा खडखडाटही तेवढाच जुना वाटतो. टीएसआय चालू झाली की नाही हे पाहायला मात्र काट्याकडे बघावं लागतं. हिंजवडीवाल्यानं सुरुवातीला हे पाहायला दोनदा किल्ली फिरवली आणि स्टार्टरचा असा काही आवाज निघाला की तोही ए विंगला कळला.

अ‍ॅव्हरेजचं विचाराल तर टीएसआयचा अधिकृत आकडा लिटरला १७.२ किलोमीटर. टीडीआयचा विसाच्या आसपास. हे आकडे देते एआरएआय ही मोटारी तपासणारी संस्था, आणि एआरएआय आहे आमच्याच डोक्यावर, वेताळ टेकडीच्या कडेला. पुण्यातली हजारो माणसं तिच्या नावाच्या टेकडीवर रोज सकाळी फिरायला जातात. वर प्रयोगशाळेत मोटारीची चाकं रुळांवर फिरवतात. तिथे ना खड्डा, ना सिग्नल, ना उलट बाजूनं येणारी स्कूटर. त्यामुळे टेकडीवरचा आकडा पायथ्याला येईपर्यंत तीन-चार किलोमीटरनं उतरतो आणि कर्वे पुतळ्यापाशी पोचेपर्यंत आणखी दोन. हिंजवडीवाल्याच्या गाडीत समोरच्या पडद्यावर चालू अ‍ॅव्हरेज दिसतं. एकदा नऊ दिसलं. तेव्हापासून त्या पडद्यावर बाहेरचं तापमान असतं.

काकांचा असल्या पडद्यांवर विश्वासच नाही. ते टाकी फुल टू फुल करतात. पंपावर 'झिरो बघा' म्हणण्याआधी झिरो बघतात, नळी आपोआप थांबली की हात वर करतात आणि पोऱ्याला राउंड फिगर करू देत नाहीत, कारण त्या दोन-चार घोटांनी वहीतला दशांश बिघडतो. मागची रांग हॉर्न वाजवते. काका वाकून ओडोमीटर वाचतात. एवढी निष्ठा मी पोथीवाचनातही पाहिलेली नाही.

आणि अशा निष्ठावंत माणसावर २०१५ चा सप्टेंबर आला. अमेरिकेत उघडकीस आलं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत एक सॉफ्टवेअर आहे. गाडी तपासणीच्या रुळांवर आहे हे ते ओळखतं आणि तेवढ्यापुरता धूर सभ्य ठेवतं. रस्त्यावर आली की नायट्रोजनचे ऑक्साइड मन मानेल तसे सोडतं. जगभरात अशा गाड्या निघाल्या सुमारे एक कोटी दहा लाख. भारतात एआरएआयनं गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या तेव्हा प्रयोगशाळेतल्या आणि रस्त्यावरच्या आकड्यांत मोठा फरक सापडला, आणि डिसेंबरात कंपनीनं फोक्सवॅगन, स्कोडा आणि आउडी मिळून सुमारे सव्वातीन लाख गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. ईए १८९ नावाचं जे इंजिन कुळ यात अडकलं, त्यातच काकांचं इंजिन.

ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. हा वायू फुप्फुसात जातो आणि तो सोडणारा कायद्याला उल्लू बनवत होता. काकांनाही ते पटलं. ते दोन दिवस टेकडीवर फिरायला गेले नाहीत. वर भेटणाऱ्या मंडळींत दोघे एआरएआयमधून निवृत्त झालेले आहेत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचा स्वर बदलला. "फसवलं त्यांनी सरकारला," ते म्हणाले, "मला नाही. माझं अ‍ॅव्हरेज मी स्वतः काढलंय." सॉफ्टवेअर बदलायचं पत्र आलं तेव्हा त्यांना एकच धास्ती होती. काकूंसमोर त्यांनी विचारलं, "मायलेज कमी होणार नाही ना?" आणि काकू पाणी आणायला आत गेल्यावर हळूच मला, "पिकअप जाणार नाही ना रे?"

हिंजवडीवाल्यानं त्या काळात पुष्कळ सभ्यता दाखवली. फक्त काकांच्या गाडीशेजारून जाताना नाकाला रुमाल लावायचा.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, कंपनीनं खरीखुरी तापट पोलो आणली: जीटीआय. १.८ लिटर, १९२ अश्वशक्ती, शून्य ते शंभर ७.२ सेकंदांत. परदेशातून तयार होऊन आलेल्या अवघ्या ९९ गाड्या आणि किंमत २५ लाख ९९ हजार, एक्स-शोरूम. दारं तीन. म्हणजे दोन बाजूंना एकेक आणि मागचं डिकीचं. आता मराठी कुटुंबात मागच्या सीटवर आजी असते. या गाडीत आजीला बसवायचं म्हणजे पुढची सीट दुमडायची, आजींनी एक पाय आत ठेवायचा, काठी कुणाच्या तरी हाती द्यायची, आणि मग मान, पाठ आणि नऊवारी या क्रमानं आत शिरायचं. सात सेकंदांत शंभरला पोचणाऱ्या गाडीत बसायला पाऊण तास.

काकांनी तिची माहिती वाचली आणि एका ओळीवर थबकले. टॉर्क: २५० न्यूटन मीटर. पुन्हा वाचलं. वही काढली. त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली.

"तिला किती?"

"काका, एकशे ब्याण्णव अश्वशक्ती आहे."

"टॉर्क विचारतोय मी."

"…अडीचशे."

"आणि आपली?"

हिंजवडीवाला गप्प.

"मग मधले सतरा-अठरा लाख कुठे गेले?"

हमालांचा दाखला त्यांना त्या दिवशी आठवला नाही. मीही आठवण करून दिली नाही. त्यांनी आणखी एक भागाकार केला. टीएसआयपेक्षा जीटीआय अडीच सेकंद आधी शंभरला पोचते, म्हणजे एका सेकंदाचे सात लाखांच्या आसपास. "आणि शंभरला पोचून करायचं काय? द्रुतगती मार्गावर मर्यादाच ऐंशी. घाटात तर त्याहूनही कमी." पुढे जीटीआयची किंमत बरीच उतरली तेव्हा काकांना आपला मुद्दा कंपनीपर्यंत पोचल्याचं समाधान मिळालं.

जर्मनीत हा वाद आपल्यापेक्षा जुना आहे. फोक्सवॅगनचीच पहिली गोल्फ जीटीआय १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली. पाचेक हजार गाड्या खपल्या तरी पुरे, अशी कंपनीची अपेक्षा होती. आसनांवर चौकड्यांचं कापड आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू, या दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंच्या. इंजिन ११० अश्वशक्तीचं. मग १९८२ मध्ये तिची डिझेल बहीण जीटीडी आली, ७० अश्वशक्तीची. सत्तर! एवढ्या ताकदीच्या गाडीला स्पोर्टी म्हणायला धाडस लागतं, पण घ्यायला लोक आले. म्हणजे वेगाला पावती जोडणारी माणसं तिकडेही असणार. जीटीडीच्या पहिल्या मालकाकडेही वही असावी, असा माझा कयास आहे.

या सगळ्या वादाचा निकाल तसा केव्हाच लागला होता, पण तो कुणी विचारातच घेतला नाही. काकूंचा डावा गुडघा दुखायला लागला. कर्वे रस्त्यावर मेट्रोचं काम चालू होतं, नळस्टॉपपासून पौड फाट्यापर्यंत क्लच दाबून दाबून पाय बधिर व्हायचा. टीडीआयचा क्लच तसा हलका नाही. एक दिवस काका गावी गेलेले असताना काकूंना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि हिंजवडीवाल्याच्या बायकोनं आपली किल्ली दिली. काकू टीएसआय घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा ठरल्या वेळेपेक्षा तास उशीर झालेला. दातांना दहा मिनिटं लागली होती. उरलेल्या वेळात त्या चांदणी चौकातून पिरंगुटपर्यंत जाऊन आल्या होत्या.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"बरी आहे," काकू म्हणाल्या. "सांगितलं तेवढं करते, उलट बोलत नाही." मग थोडं थांबून, "आणि तो एस आहे ना गिअरपाशी, त्यात टाकली की फार छान पळते. यांना सांगू नकोस."

तर अशी उलटापालट. स्पोर्टी गाडी खरी उपयोगाची कुणाला, तर साठीतल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला. आणि काटकसरीची डिझेल कुणाला, तर घाटात ट्रकमागे तिसरा टाकून दबा धरून बसणाऱ्या गृहस्थाला. शोरूममध्ये या दोघांना उलट्या गाड्यांपाशी उभं करतात, कारण सेल्समन आधी वय बघतो आणि मग माणूस.

पुढे काळच डिझेलवर उलटला. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम आले. छोट्या डिझेल इंजिनाचा धूर तेवढा स्वच्छ करायला लागणारी सामग्री छोट्या गाडीच्या किमतीत मावेना. फोक्सवॅगननं भारतात डिझेल सोडलं, मारुतीनंही सोडलं. त्याच जूनमध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं, तेव्हा काकांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. पोलो जीटीला नवं १ लिटरचं, तीन सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन मिळालं, ११० अश्वशक्तीचं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या मूळ गोल्फ जीटीआयएवढं. आणि २०२२ मध्ये पोलोच बंद झाली.

मग ही लढाई चाकणहून पिंपरीकडे सरकली. टाटांच्या अल्ट्रोझला डिझेल आहे, ९० अश्वशक्ती आणि २०० न्यूटन मीटर. आणि तिचाच रेसर नावाचा पट्टेवाला पेट्रोल अवतार २०२४ च्या जूनमध्ये आला, १२० अश्वशक्ती आणि १७० न्यूटन मीटर. आकडे पाहा: जिचं नाव रेसर तिचा टॉर्क कमी. काकांचा भाचा रेसर बघायला गेला तेव्हा काका बरोबर होते. भाचा बॉनेटवरचे पांढरे पट्टे पाहत होता. काका त्याला कोपऱ्यातल्या डिझेलपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "तुझं रनिंग किती आहे?" भाचा घरून काम करतो.

पोलो बंद झाल्यापासून जुन्या जीटींना गिऱ्हाईक वाढलं आहे. तरुण पोरं वायपरखाली चिठ्ठी ठेवून जातात. परवा एक कोल्हापूरचा मुलगा थेट वर घरीच आला. टीडीआय हवी होती. पैसे चांगले देत होता, वर सांगत होता की संगणक रीमॅप करून घेणार, टॉर्क तीनशेच्या पुढे नेणार. 'तीनशे' ऐकल्यावर काकांचा हात चहाच्या कपावर थांबलेला मी पाहिला.

"अ‍ॅव्हरेजचं काय होतं त्यानं?" काकांनी विचारलं.

"थोडं वाढतंच, काका. सावकाश चालवली तर."

काका विचारात पडले. रीमॅपला किती खर्च येतो, पुण्यात कोण करतो, वॉरंटी तर कधीच संपलीय, असं बरंच बोलणं झालं. मुलाच्या लक्षात यायला लागलं की हे गृहस्थ गाडी विकत नाहीयेत, माहिती घेतायत. त्यानं काकूंकडे पाहिलं.

"नाही रे बाळा," काकू म्हणाल्या, "त्यांची वसुली बाकी आहे अजून."

"किती राहिलीय?"

काकांनी वही आणली. एकोणीस हजार किलोमीटर निघाले. रीमॅपचा खर्च धरला तर सत्तावीस हजार.

"म्हणजे करूनच घ्यायला पाहिजे," काका म्हणाले, आणि मुलाकडून त्या माणसाचा नंबर मागून घेतला.